खरखर कोणाची?

गाणें ऐकतांना कानास सर्वांत नकोशी वाटणारी गोष्ट म्हणजे यंत्राची खरखर. गवयाचा सूर लांबत लांबत शांततेंत विरूं लागावा आणि नेमक्या त्याच क्षणीं यंत्राच्या पोटांतून ‘सूं’ असा आवाज वर यावा, म्हणजे रसिकाचा जो विरस होतो तो वाचकांस सांगावयास नको. हेडफोन लावून ऐकणारास तर हा ताप अधिकच. ध्वनिक्षेपक खोलीच्या कोपऱ्यांत असतो आणि त्याच्या बारीकसारीक खोडी पंख्याच्या, रस्त्याच्या व घरांतील माणसांच्या आवाजांत बुडून जातात. हेडफोन मात्र कानालाच लागलेला असतो, त्यामुळें आंतला लहानसा दोषहि लपत नाहीं. त्यांतून निर्वात नळ्यांचा वर्धक हेडफोनसाठीं वापरण्याची हौस गेल्या कांहीं वर्षांत पुन्हां वाढली आहे. ज्यांना आपल्याकडे रेडिओच्या काळापासून लोक ‘व्हॉल्व्ह’ म्हणत आले, त्याच ह्या नळ्या. ट्रँझिस्टरनें त्यांना घराबाहेर काढून अर्धशतक लोटलें, तरी त्या परत आल्या; आणि येतांना दोन जुने प्रश्न बरोबर घेऊन आल्या. हातांत आहे ती नळी खरोखर कोणती? आणि कानांत येते ती खरखर नक्की कोणाची?

हे प्रश्न वरवर पाहतां दुरुस्तीच्या दुकानांतले वाटतील. परंतु त्यांचा इतिहास पाहिला तर ते केवळ कारागिराचे प्रश्न नाहींत असें दिसून येईल. खरखर ऐकून वैतागणारे लोक असंख्य झाले. ती कोणाची, असें शांतपणें विचारणारे थोडे निघाले. आणि त्या थोड्यांच्या हातीं इलेक्ट्रॉनाचा विद्युत्भार, उष्णताशास्त्रांतील एक मूलभूत स्थिरांक आणि पृथ्वीभोंवतालच्या अवकाशाची वार्ता, इतक्या गोष्टी लागल्या. दोष काढून टाकण्यापूर्वीं तो कोणाचा हें ठरवावें, ही तशी साधी शिस्त आहे. ती शिस्त कशी घडत गेली व आज घरांतल्या लहानशा वर्धकापुढें बसतांना ती कशी उपयोगी पडते, हें सांगणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नळीची जन्मकथा विजेच्या दिव्यापासून सुरू होते. दिव्याची काच आंतून काळवंडते, ह्या तक्रारीचा शोध घेत असतां एडिसननें दिव्यांत एक जादा पत्रा बसवून पाहिला, आणि तापलेल्या तारेपासून त्या पत्र्याकडे मधल्या पोकळींतून वीज वाहते असें त्यास आढळलें. १८८३ मध्यें त्यानें त्यावर पेटंटासाठीं अर्ज केला; पण ही वीज कां वाहते हें त्यास सांगतां आलें नाहीं, कारण इलेक्ट्रॉनाचा शोध लागण्यास १८९७ साल उजाडावें लागलें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील प्राध्यापक फ्लेमिंग ह्यांनीं १९०४ मध्यें ह्याच घटनेचा उपयोग बिनतारी संदेश पकडण्याकडे केला. त्यांच्या नळींतून वीज एकाच दिशेनें जाई, जशी झडपेंतून पाण्याची धार. म्हणून त्यांनीं तिला ‘व्हॉल्व्ह’ हें नांव दिलें. पुढें अमेरिकेंत ली डि फॉरेस्ट ह्यांनीं तापलेली तार व पत्रा यांच्यामध्यें बारीक तारेची जाळी घातली आणि १९०७ च्या आरंभीं तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. जाळीवरील विजेचा दाब जरासा बदलला कीं पत्र्याकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदले. लहान हालचालीनें मोठी हालचाल घडवून आणणें हेंच वर्धकाचें मर्म, आणि तें ह्या जाळींत सांपडलें.

परंतु डि फॉरेस्टची ही नळी, जिला त्यानें ‘ऑडियन’ असें नांव दिलें होतें, मोठी लहरी होती. एक चांगली चाले, दुसरी मुळींच चालत नसे. दाब थोडा वाढविला कीं आंत निळसर प्रकाश चमके आणि कानांतला आवाज बिघडून जाई. डि फॉरेस्टची समजूत अशी कीं नळींत थोडा वायु असणें अवश्य आहे. १९१२ च्या शरदृतूंत ही नळी अमेरिकेंतील टेलिफोन कंपनीच्या तज्ज्ञांपुढें मांडली गेली, तेव्हां हॅरोल्ड आर्नल्ड नांवाच्या तरुण शास्त्रज्ञानें निळ्या प्रकाशाचा उलट अर्थ लावला. ही झांक नळीचा गुण नसून तिच्यांत उरलेल्या वायूची चहाडी आहे. वायु पूर्णपणें काढून टाका, म्हणजे लहरीपणा जाईल. त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत अर्व्हिंग लँग्म्यूरहि स्वतंत्रपणें त्याच मार्गानें चालला होता. रोगाचें चिन्ह आणि रोगाचें कारण यांत भेद करण्याचें हें नळीच्या इतिहासांतील पहिलें ठळक उदाहरण होय. त्याचें फळ लौकरच मिळालें. २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्क व सॅनफ्रान्सिस्को यांच्यामधील सुमारें ३,४०० मैलांच्या टेलिफोनमार्गाचें उद्घाटन झालें, आणि वाटेंत क्षीण होणाऱ्या आवाजास ठिकठिकाणीं पुन्हां बळ देण्याचें काम ह्या निर्वात नळ्यांनीं केलें.

इकडे युरोपांत महायुद्ध पेटलें होतें. फ्रान्सच्या लष्करी तारायंत्र खात्याचे प्रमुख गुस्ताव्ह फेरिए ह्यांच्या हातीं १९१४ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील ऑडियनचे नमुने पडले. ते घेऊन येणारा पॉल पिशों हा मूळचा फ्रेंच लष्करांतून पळालेला इसम होता. जर्मन कंपनीच्या नोकरींत असतां तो अमेरिकेहून परतत होता, आणि वाटेंत युद्ध सुरू झाल्याचें कळतांच तो जर्मनीस न जातां मायदेशीं येऊन स्वाधीन झाला. फेरिएंनीं प्राध्यापक आंरी आब्राम ह्यांस लियोंला पाठविलें. तेथें १९१५ मध्यें ‘टीएम’ म्हणजे लष्करी तारायंत्राची नळी तयार झाली. साधी, बळकट, आणि एकीसारखी दुसरी निघणारी अशी ही नळी होती, आणि दोस्तांच्या सैन्यांत ती सर्वत्र पसरली. ज्या आब्राम ह्यांनीं ती घडविली, ते पुढें दुसऱ्या महायुद्धांत १९४३ मध्यें आउश्वित्झच्या छळछावणींत मारले गेले, ही गोष्ट येथें नमूद केल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

हेडफोनच्या वर्धकाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला तो संगीतासाठीं नव्हे, तर ह्या युद्धाच्या खंदकांत. खंदकांतील टेलिफोनासाठीं पुष्कळदां एकच तार टाकीत आणि परतीचा प्रवाह जमिनींतून जाऊं देत. त्या प्रवाहाचा अंश मातींतून दूरवर पसरे. शत्रूच्या बाजूस जमिनींत लोखंडी मेखा ठोकून, त्यांना नळ्यांचा वर्धक जोडून व कानास हेडफोन लावून बसलेल्या शिपायास हें संभाषण ऐकूं येई. दोन्ही पक्षांनीं ही विद्या साधली. १९१६ च्या १ जुलैस सोमच्या लढाईस प्रारंभ झाला, त्याच्या आदल्या रात्रीं ला ब्वासेल भागांत इंग्रजांचा टेलिफोनवरून गेलेला एक निरोप जर्मनांच्या कानीं पडला आणि हल्ल्याची वर्दी त्यांस मिळाली. त्या एका दिवसांत इंग्रज सैन्याचे १९ हजारांहून अधिक लोक मारले गेले. त्या संहाराचीं कारणें अनेक होतीं, एका वर्धकावर तें पाप लादणें न्याय्य होणार नाहीं. तथापि खरखरींतून अर्थ निवडून काढणाऱ्या कानाचें मोल त्या काळीं प्राणांनीं मोजलें जात होतें, एवढें त्यावरून ध्यानांत येईल.

अशाच श्रवणांतून एक विलक्षण शोध लागला. जर्मन पदार्थशास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझन हा वर्धक लावून शत्रूचें संभाषण ऐकण्याच्या कामीं होता. अधूनमधून त्याच्या कानांत एक चमत्कारिक शीळ येई. उंच स्वरापासून निघून घसरत घसरत खालीं उतरे व नाहींशी होई. आघाडीवरचे शिपाई म्हणत, तोफेचे गोळे उडतांना ऐकूं येत आहेत. शत्रूचा शब्द पकडण्यास बसलेल्या माणसानें ही शीळ म्हणजे एक व्यत्यय समजून तिच्याकडे दुर्लक्ष केलें असतें, तर त्यास कोणी दोष दिला नसता. बार्कहाउझननें ती टिपून ठेविली, आणि १९१९ मध्यें नव्या वर्धकांच्या साहाय्यानें सांपडलेल्या दोन घटनांवर एक लेख प्रसिद्ध केला. एक घटना ही शीळ. दुसरी अशी कीं तारेच्या वेटोळ्यांत लोखंड ठेवून त्याजवळ चुंबक सावकाश नेला असतां हेडफोनमध्यें खरखर ऐकूं येते. म्हणजे लोखंडाचें चुंबकत्व एकसारखें न वाढतां लहान लहान धक्क्यांनीं वाढतें. एकाच लेखांत दोन प्रकारचे व्यत्यय, आणि दोन्हींचें मूळ वर्धकाच्या बाहेर!

शिळेचें कोडें उलगडण्यास पुढें चौतीस वर्षें लागलीं. केंब्रिज येथील ओवेन स्टोरी ह्यानें १९५३ मध्यें दाखवून दिलें कीं ही शीळ आकाशांतील विजेची आहे. वीज कडाडली म्हणजे जे विद्युत्तरंग निघतात, त्यांतील कांहीं वातावरण ओलांडून पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या वाटेनें हजारों मैल दूर जातात व दुसऱ्या गोलार्धांत उतरतात. वाटेंत उंच स्वराचे तरंग पुढें निघून जातात, खालच्या स्वराचे मागें रेंगाळतात. म्हणून ऐकणारास ती उतरती शीळ वाटते. पृथ्वीपासून इतक्या दूरवरहि अपेक्षेहून कितीतरी अधिक इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत, हें ज्ञान उपग्रह उडण्यापूर्वीं ह्या शिळेनें दिलें. आपल्या देशांत गुलमर्ग, नैनिताल व वाराणसी येथेंहि ह्या शिळा टिपून त्यांचा अभ्यास झाला आहे. ज्यास शिपाई गोळ्याचा आवाज समजले, तो दुसऱ्या गोलार्धांतील मेघांचा निरोप होता.

असो. आतां नळीच्या आंतल्या खरखरीकडे वळूं. बर्लिनमध्यें सीमेन्सच्या कारखान्यांत काम करणारा वॉल्टर शॉट्की ह्यानें युद्धाच्या शेवटल्या वर्षीं, १९१८ मध्यें, एक मूलगामी प्रश्न घातला : वर्धक निर्दोष केला, सर्व जोड पक्के केले, बाहेरचा उपद्रव बंद केला, तर हेडफोनमध्यें पूर्ण शांतता होईल काय? त्याचें उत्तर नकारार्थी होतें, आणि त्यानें त्याचीं दोन कारणें दिलीं. पहिलें असें कीं वीज ही पाण्यासारखी अखंड धार नसून कणांची बनलेली आहे. तापलेल्या तारेपासून सुटणारे इलेक्ट्रॉन पत्र्यावर अनियमितपणें येऊन आदळतात, जसे पावसाचे थेंब पत्र्याच्या छपरावर. बंदुकीच्या छर्ऱ्यांवरून जर्मन भाषेंत ह्या आवाजास नांव मिळालें. दुसरें कारण उष्णता. कोणत्याहि तारेंतील वा रोधकांतील विद्युत्कण उष्णतेमुळें सतत चळवळत असतात, आणि ती चळवळहि वर्धकाच्या कानीं पडते.

ह्या विधानाची कसोटी पुढील दहा वर्षांत लागली. १९२५ मध्यें अमेरिकेंत हल व विल्यम्स ह्यांनीं नळींतील छर्ऱ्यांच्या आवाजाचें मोजमाप करून त्यावरून उलट इलेक्ट्रॉनाचा विद्युत्भार काढला, आणि तो मिलिकननें तेलाच्या थेंबांवरून काढलेल्या भाराशीं चांगला जुळला. बेल प्रयोगशाळेंतील जॉन्सन ह्यानें त्याच वर्षीं असें दाखविलें कीं खालच्या स्वरांत नळी ह्या हिशेबाहून कितीतरी अधिक खरखर करते, आणि ही अधिक खरखर ऋणाग्राच्या, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या, पृष्ठभागावर अवलंबून असते. मग तो रोधकांकडे वळला. कार्बन, तांबें, प्लॅटिनम, इतकेंच नव्हे तर क्षारांचें पाणी सुद्धां त्यानें वर्धकास जोडून पाहिलें. आश्चर्य असें कीं पदार्थ कोणताहि असो, खरखर केवळ रोधाच्या मानावर व उष्णतामानावर ठरे. त्याचा सहकारी नायक्विस्ट ह्यानें त्यास गणिताचें अधिष्ठान दिलें, आणि १९२८ मध्यें दोघांचे लेख प्रसिद्ध झाले. योगायोग असा कीं हे दोघेहि जन्मानें स्वीडनचे. वायूंच्या उष्णताशास्त्रांतील बोल्ट्झमनचा प्रसिद्ध स्थिरांक जॉन्सननें ह्या खरखरीवरून खऱ्या किंमतीच्या बराच जवळ काढून दाखविला. आवाजाचा उपद्रव हा विश्वाचा मापदंड ठरला.

ह्या नियमाचा व्यवहारांत अर्थ काय तो पहा. १०,००० ओहमचा रोधक घरांतील नेहमींच्या उष्णतामानावर असला, तर ऐकूं येणाऱ्या सर्व स्वरांच्या कक्षेंत तो आपण होऊन सुमारें दोन मायक्रोव्होल्ट इतका खरखरीचा दाब निर्माण करतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टाचा दहा लाखावा भाग. हा दाब निम्मा करावयाचा तर रोधक द्रव नायट्रोजनाइतका थंड केला पाहिजे. ह्यावर दुसरा उपाय नाहीं; महाग रोधक आणला तरी ह्या मर्यादेखालीं तो जात नाहीं, स्वस्त रोधक मात्र हिच्यावर आपली स्वतःची भर घालूं शकतो. तात्पर्य, खरखरीचे तीन वर्ग पडतात. एक निसर्गाची, जी उष्णतेमुळें व विजेच्या कणमय स्वभावामुळें होते व जिच्याबद्दल कोणासहि बोल लावतां येत नाहीं. दुसरी त्या त्या नळीची, जी तिच्या पृष्ठभागावर व घडणीवर अवलंबून असते आणि म्हणूनच एकाच प्रकारच्या दोन नळ्यांत कमीअधिक असूं शकते. तिसरी रचनेची व जोडणीची, जी माणसानें केलेली असते व माणसाला काढतां येते. पहिलीसाठीं नळ्या बदलीत बसणें म्हणजे सावलीशीं कुस्ती खेळणें होय. आणि तिसरी आहे हें न ओळखतां ती पहिलीच्या नांवावर खपविणें हा आळस होय.

दुसऱ्या वर्गाचा निवाडा करावयाचा तर हातांतील नळी कोणती हें आधीं समजलें पाहिजे, आणि येथें नांवांचा घोळ आडवा येतो. आरंभीच्या काळांत प्रत्येक कारखाना मनास येईल तें नांव देई. अमेरिकेंत एकच नळी एका कंपनीच्या नांवानें २०१ए तर दुसरीच्या नांवानें ३०१ए म्हणून विकली जाई. १९३३ मध्यें तेथें नवी पद्धति आली, आणि १९३४ मध्यें युरोपांत फिलिप्स वगैरे कारखान्यांनीं आपली निराळी पद्धति घातली. हेडफोनच्या व ग्रामोफोनच्या वर्धकांत नेहमीं भेटणारी एक नळी घेऊं. अमेरिकन पद्धतींत तिचें नांव १२एएक्स७. आरंभीचे १२ म्हणजे तापकतारेचा दाब सुमारें १२ व्होल्ट, शेवटचे ७ म्हणजे आंतील अवयवांची संख्या, मधलीं अक्षरें केवळ क्रमाचीं. युरोपांत तीच नळी ईसीसी८३ : ई म्हणजे तापकतार ६.३ व्होल्टांची, कारण तिचे दोन भाग समांतर जोडतां येतात. दोनदां सी म्हणजे एका काचेंत दोन त्रिकूट नळ्या. आठाचा आंकडा नऊ पायांची बैठक दर्शवितो. ब्रिटिश लष्कराच्या यादींत तिचाच एक भरंवशाचा अवतार सीव्ही४००४ म्हणून नोंदलेला आहे. एकाच व्यक्तीचें माहेरचें, सासरचें व सरकारी दप्तरांतलें नांव निराळें असावें, तसा हा प्रकार झाला.

नांवें निराळीं व वस्तु एक, हा घोळ निरुपद्रवी आहे. वस्तु निराळी व रूप एक, हा मात्र घातक. ईसीसी८२ व ईसीसी८८ ह्या दोन्ही नळ्या नऊ पायांच्या, जवळजवळ सारख्याच उंचीच्या. परंतु पहिलीच्या चौथ्या व पांचव्या पायांमध्यें १२.६ व्होल्ट दिले तर चालतें. दुसरीची तापकतार त्याच पायांमध्यें ६.३ व्होल्टांचीच असल्यामुळें तेथें दुप्पट दाबानें ती होरपळेल. पहिलीच्या पत्र्यास ३०० व्होल्टांपर्यंत दाब सोसतो, दुसरीस १३० च. रशियन बनावटीची ६एन२पी ही गुणांनीं ईसीसी८३ च्या जवळची म्हणून दाखविली जाते. पण तिच्या तापकतारेची जोडणी निराळी असल्यानें ती तिच्या जागीं सरळ बसवितां येत नाहीं. म्हणून ‘सारखीच आहे’ ह्या विक्रेत्याच्या शब्दावर न जातां कारखान्याच्या माहितीपत्रकांतील पायांचें कोष्टक पाहणें हेंच शहाणपणाचें.

आणि काचेवरचें छापील नांव तरी किती खरें? नळ्यांच्या भरभराटीच्या काळांत कारखाने एकमेकांचा माल घेऊन त्यावर आपला शिक्का मारीत. त्यांत लबाडी नव्हती, ती व्यापाराची रीत होती. आपल्याकडेहि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें रेडिओच्या नळ्या होत असत. पुढें कारखाने एकामागून एक बंद पडले. आज नव्या नळ्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथें होतात. आणि जुन्या, न वापरलेल्या नळ्यांस भारी किंमत येऊं लागल्यामुळें सामान्य नळीचें नांव पुसून त्यावर प्रतिष्ठित नांव छापण्याचा धंदाहि निघाला. म्हणून जाणते लोक शाईपेक्षां अंगावरच्या खुणांवर विश्वास ठेवतात. फिलिप्सच्या गोटांतील नळ्यांवर तळाशीं काचेंत पुसट कोरलेलीं चिन्हें असतात. त्यांतील एक अक्षर कारखान्याचें, जसें बी म्हणजे इंग्लंडांतील ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडांतील हेरलेन. पुढचा आंकडा वर्षाचा, पण तो केवळ शेवटचा, त्यामुळें दशक कोणतें तें घडणीवरून ताडावें लागतें. जर्मनीच्या टेलिफुंकेनच्या पुष्कळ नळ्यांच्या तळाशीं, पायांच्या मधोमध, काचेंतच ओतलेली शंकरपाळ्यासारखी आकृति असते. अमेरिकन नळ्यांवर कारखान्याचा सांकेतिक आंकडा आढळतो; २७४ म्हणजे आरसीए, १८८ म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, ३१२ म्हणजे सिल्व्हानिया. याखेरीज आंतल्या पत्र्यांची लांबी, अभ्रकाच्या चकत्यांचा आकार, आणि माथ्यावर चांदीसारखा चमकणारा बेरियमचा थर ज्या कड्यावरून उडविला जातो त्याची घडण, ह्यांवरूनहि वंश ओळखूं येतो. हा चमकता थर उरलेला वायु शोषून घेण्यासाठीं असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आंत हवा शिरली व नळी संपली असें समजावें. आर्नल्डनें जी चहाडी निळ्या प्रकाशांत वाचली, तीच येथें निराळ्या रंगांत लिहिलेली असते.

नळीची ओळख पटली, आतां खरखरीची. परीक्षकानें प्रथम आवाजाची जात ओळखावी. एकसुरी गुणगुण असेल तर ती बहुधा घरांतल्या विजेची. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणून तिचा सूर ५० किंवा, ती एकदिश करतांना राहिलेल्या लाटांमुळें, १०० आवर्तनांचा असतो. संथ ‘सूं’ ही वर सांगितलेल्या कणांची व उष्णतेची. तडतड, कडकड ही बहुधा मळलेल्या पायांची, सैल बैठकीची किंवा जुन्या रोधकाची वा धारित्राची. काचेवर पेन्सिलीनें हलकेंच टिचकी मारतांच हेडफोनमध्यें घंटेसारखा नाद उठला, तर नळीचे अवयव आंत सैल आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास कारखान्यांनीं ईएफ८६ सारख्या नळ्या काढल्या, त्यांत तापकतारेचे दोन पदर एकमेकांभोंवतीं पिळून व भोंवतीं आडोसा घालून गुणगुण कमी केली, ती ह्या दोषांचा पुरता अभ्यास झाल्यावरच.

जात ओळखल्यावर मूळ शोधावें. त्याची रीत वजाबाकीची आहे. आवाजाचा खुंटा अगदीं खालीं पिळावा. खरखर गेली, तर ती खुंट्याच्या अलीकडून, म्हणजे बाहेरच्या यंत्रांतून किंवा जोडतारेंतून येत होती. राहिली, तर ती पुढल्या भागाची. मग जोडतार काढून पहावी. दोन यंत्रें दोन ठिकाणीं जमिनीस जोडलेलीं असलीं तर त्यांच्यामध्यें फिरणाऱ्या प्रवाहानेंच पुष्कळदां गुणगुण होते. नंतर, वर्धकांत डाव्या व उजव्या कानासाठीं निरनिराळ्या नळ्या असतील तर त्यांची अदलाबदल करावी. खरखर नळीबरोबर दुसऱ्या कानांत गेली, तर दोष नळीचा. होती तेथेंच राहिली, तर नळी निर्दोष व दोष वायरिंगचा. ह्या एका पायरीनें जो खर्च वांचतो तो थोडा नव्हे. शेवटीं हेडफोनहि बदलून पहावा. कानांत बसविण्याचे कांहीं लहान हेडफोन इतके हळवे असतात कीं दुसऱ्यांत मुळींच न ऐकूं येणारी वर्धकाची ‘सूं’ त्यांत स्पष्ट उमटते. तेथें वर्धक बिघडलेला नसून जोडी विजोड असते. मात्र ही सर्व परीक्षा बाहेरूनच करावी; नळ्या काढावयाच्या त्या वीज बंद करून व थंड झाल्यावर. पेटी उघडून आंत हात घालणें हें जाणत्याचें काम. नळ्यांच्या वर्धकांत शेंकडों व्होल्टांचा दाब असूं शकतो, आणि वीज बंद केल्यावरहि तो धारित्रांत कांहीं काळ दबा धरून राहतो.

ह्या रीतींत नवें असें कांहीं नाहीं. आर्नल्डनें निळ्या प्रकाशास विचारलेला, बार्कहाउझननें शिळेस विचारलेला आणि जॉन्सननें रोधकास विचारलेला प्रश्नच येथें लहान प्रमाणावर विचारला जातो : तूं कोणाची? आणि उत्तर देतांना कोणीहि नांवावर, किंमतीवर किंवा पूर्वग्रहावर भिस्त ठेविली नाहीं; एक एक गोष्ट बाजूस करून मागें काय उरतें तें पाहिलें. आपल्या सार्वजनिक व कौटुंबिक व्यवहारांतहि खरखर पुष्कळ असते. तेथें आपण बहुधा दोनच गोष्टी करितों. एक तर जो समोर दिसेल त्यास दोषी ठरवितों, नाहीं तर सारें दैवावर घालून स्वस्थ बसतों. वर्धकापुढें बसलेला परीक्षक ह्या दोहोंपेक्षां अधिक न्यायी असतो.

नळ्यांचा सूर ट्रँझिस्टरपेक्षां गोड कीं नाहीं, ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. ती आवडीनिवडीची बाब आहे व ज्याची त्यानें पहावी. परंतु ज्यानें जोडणी तपासली, नळीची ओळख पटविली, माणसांचे सर्व दोष एकेक करून काढले, आणि तरीहि रात्रीच्या निवांत वेळीं ज्यास हेडफोनमध्यें अगदीं बारीक अशी ‘सूं’ ऐकूं आली, त्यानें नवी नळी विकत घेण्याची घाई करूं नये. ती पदार्थाच्या अंगच्या ऊबेची चळवळ आहे. ती यंत्रांत आहे, तारेंत आहे, आणि ऐकणारा ज्या खोलींत बसला आहे त्या खोलीच्या प्रत्येक वस्तूंत आहे. तेवढी राहूं द्यावी, आणि गाणें ऐकावें.